दर्या, दऱ्या

रुवीतलं माझं दुकान दीड माणसाचं.
एक मी, आणि अर्धा तो, जो काउंटरवर वाकून विचारतो
किती वेळ लागेल?
स्क्रूंना वेळ लागत नाही, भाऊ.
डिंकाला लागतो.
बॅटरी आत अशी चिकटवतात
जशी कुणी पळवूनच नेणार आहे तिला.
गरम हवा द्यायची, प्लास्टिकचं पातं सरकवायचं,
तव्यावरचं घावन निघावं तशी अलगद सोडवायची,
आणि शिव्या द्यायच्या त्याला
ज्यानं आणखी पातळ, आणखी पातळ म्हणत
माझे तीन तास पातळ केले.

माझं मत खोलीतल्या पाचही जणांना पाठ आहे :
जे उघडता येत नाही ते आपलं नाही,
पैसे मोजले तरी ते भाड्याचंच.
नीळकंठ वझरकर कांदा चिरता चिरता म्हणतो,
मग आपण इथे कसे आहोत?
त्या रात्री मी मत मांडत नाही.

ऑगस्टात फोन स्वतःच सांगतो, मी तापलोय,
मला थंड होऊ द्या, आणि काळा पडतो.
कुंजुमोन, जो दिवसभर छतांवर एसी बसवतो,
ते वाचून इतका हसला
की त्याला पाणी द्यावं लागलं.

कुणाच्या फोनची भाषा चुकून अरबी झाली
की सगळं उलटं होतं, बॅटरी डावीकडे, मागे जायचा बाण पुढे.
अशा वेळी गिऱ्हाइकाचा चेहरा
घर चुकलेल्या पोरासारखा होतो.
ते मी फुकट करून देतो.

पण ज्याचा मला खरा राग आहे
ते एक अक्षर आहे.
कित्येक वर्षं माझ्या कीबोर्डला ऱ माहीत नव्हता.
आम्ही ‘वार्यावर’ लिहायचो, ‘किनार्याला’ लागायचो.
मी कंपनीला कळवलं. एकदा, पाचदा, चित्रं काढून.
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं.
मग यंदा अपडेट आलं, आणि ऱ आला!
मी खोलीत खजूर वाटले.
चार दिवसांनी कळलं, आता तो सगळीकडेच येतो,
जावयासारखा, बोलावलं नाही तरी.

शुक्रवारी मत्रहला गेलो, बाबांना लिहिलं,
‘आज दर्यावर आलोय.’
फोननं पाठवलं, ‘आज दऱ्यावर आलोय.’

बाबा हर्णैचे, चाळीस वर्षं तांडेल,
अक्षर उशिरा शिकले, म्हणून एकही गाळत नाहीत.
पाच मिनिटांत फोन :
दऱ्या? कुठल्या दऱ्या? पडलास का कुठे?
कोणासोबत आहेस? नीळकंठाला दे.

मी त्यांना सगळं समजावलं. अपडेट, कीबोर्ड,
आपोआप दुरुस्ती, जी दुरुस्त असलेलंच दुरुस्त करते.
बारा मिनिटं बोललो.
ते ऐकत होते. मागे कुणीतरी बांगडे मोजत होतं.
मग म्हणाले, बरं, तू उभा कुठे आहेस ते सांग.
म्हटलं, पुढ्यात पाणी, दोन गलबतं, एक मोठं जहाज.
आणि मागे?
मागे वळून बघितलं.
नुसते खडक. तपकिरी, उघडे, एकावर एक,
मधे कोरड्या घळी, पाऊस पडला तरच भरणाऱ्या.
सहा वर्षांत मी त्यांच्याकडे पाठच करून उभा होतो.

मग ते मशीन, बाबा म्हणाले,
खोटं कुठे बोललं?

मी तरीही शब्दकोशात ‘दर्या’ घातला.
फोननं विचारलं, हा शब्द लक्षात ठेवायचा?
हो.
शनिवारी सकाळी नवं अपडेट,
दीड जीबी. दुकानाचं शटर अर्धं उघडून
मी वर्तुळ फिरताना बघत बसलो
आणि एक गिऱ्हाईक विचारत होतं,
किती वेळ लागेल.